भांडायचा ओटा

बाईजा कावळ्याशी मात्र कधी भांडली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती भांडली नाही असं दुसरं कोण, ते धुंडाळावं लागेल. धसईच्या बाजारात ती सुकटवालीशी भांडे, रॉकेलच्या रांगेत मापाशी भांडे, आणि लढाई लागल्यापासून कोळशाच्या धुरावर धापा टाकत मुरबाडला येणाऱ्या मोटारीशीही भांडे. मोटार हाकणाऱ्याशी नव्हे, मोटारीशी. "निगालीस कवा, पोचलीस कवा, आन वर माज्याच तोंडावर धूर सोडतेस?" असं तिच्या नाकासमोर उभं राहून विचारी. मोटार एकदोनदा खोकून बंद पडे. माणसं म्हणत, लाजली.

तिच्या भांडणाला शिस्त होती. सुरुवात मऊ. "दादा, ह्यो मुळा कालचा का वो?" मुळेवाला फसायचा. "आजचाच हाय, मावशी," म्हणायचा. मग बाईजा त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात, त्याच्याच नाकातून परत म्हणून दाखवी, की आजूबाजूच्या बायका टोपल्या खाली ठेवून हसत. तो हसणाऱ्यांकडे बघेपर्यंत बाईजा पुढं सरकलेली असे, आणि तिथं मुळ्याचा विषय संपून मुळेवाल्याच्या बापाचा सुरू झालेला असे. नवरा गोमा अशा वेळी कानामागची विडी काढून पेटवी. विडी संपायच्या आत भांडण संपे. लांबलं तर दुसऱ्या कानामागंही एक असे.

पण कावळा दिसला की हीच बाईजा ओठ मिटून घेई. अंगणात घातलेले पोह्याचे पापड त्यानं डोळ्यांदेखत नेले, तरी नुसती बघे. ह्याला कारण चिंतोबुवांची पोथी.

चिंतोबुवा म्हणजे मुरबाड-शहापूर भागातले जुन्या काळचे कुळकर्णी. तट्टावर बसून गावोगाव वसुलाला हिंडायचे, आणि हिंडता हिंडता जे दिसेल ते ओव्यांत घालायचे. संसार कसा करावा हे सांगणारी पोथी त्यांनी लिहिली, पण करावं कसं ह्यापेक्षा करू नये कसं हेच तीत जास्त. नावं कुणाची घेतली नाहीत. गावं मात्र घेतली. बुवा जाऊन कैक वर्षं झाली, तरी श्रावणात घरोघरी पोथी लागे, आणि बाईजाच्या गावात ती कुंडलिक वाचे. पाचव्या अध्यायात आला की कुंडलिक घसा साफ करी, आणि सगळं गाव आधीच बाईजाकडे वळून बसे.

धसईप्रांतीं एक नारी । जिव्हा जणू फिरती सुरी ।
कावळा बैसतां छपरीं । त्यासीही भांडे ॥

ही नारी म्हणजे बाईजाची सख्खी आजी, ठकी. ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बाईजाच्या माहेरचं म्हणणं असं, की बुवांच्या तट्टानं ठकीआजीचा भाताचा पेंढा खाल्ला, आजीनं बुवांना जाब विचारला, आणि बुवांनी तो राग ओवीत काढला. "तट्टू पेंढा खाऊन गेलं, त्ये नाय लिवलं," असं बाईजा दर श्रावणात म्हणे. पण पोथी चालू असताना मधे बोलायचं नसतं, म्हणून मनात म्हणे. मग पुढं शहापूरच्या ताकवाल्याच्या ओव्या येत. त्या कोणाच्या घराण्यावर आहेत हे इकडं कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे बाईजा त्यांना सगळ्यांत मोठ्यानं हसे आणि आपला सूड घेई.

गावची पोरं तर वांड. ती मुद्दाम तिच्या कौलांवर भाकरीचे तुकडे भिरकावत, आणि कावळे जमले की कुंपणाआड दबा धरून बसत. बाईजा बाहेर येई, वर बघे, ओठ मिटे आणि आत जाई. तीस वर्षं तिनं कावळ्याला एक शब्द ऐकवला नव्हता. तीस वर्षांचे शब्द आत साठून राहिले होते.

हे असंच चाललं असतं, पण शकूचं लग्न निघालं.

शकू बाईजाची एकुलती पोर, सतरा संपून अठरावं लागलेली. कुंडलिक पोथी वाची तशी लग्नंही जुळवी, आणि त्यानं शहापूरकडचं स्थळ आणलं. मुलगा दामू, घरची भातशेती, वर आसनगावला रेल्वेच्या गँगवर रोजी. दोन्ही घरांनी एकमेकांची तोंडं बघायच्या आधीच, कुंडलिकाच्या ये-जा करण्यावरच सुपारी फुटेल अशी बोलणी झाली. शकूनं त्याला म्हसाच्या जत्रेत घोंगडीचा भाव करताना लांबून बघितला होता. तो भाव करण्यात अगदीच कच्चा आहे, असं तिनं आईला सांगितलं, आणि ते सांगताना तिचे कान लाल झाले. बाईजा समजायचं ते समजली.

आणि मग तिकडून निरोप आला : जरा थांबा.

"का थांबा?" बाईजानं कुंडलिकाला विचारलं.

"त्ये काय बोलले नाय. मुलाची आय म्हनली, एक काम उरकायचं हाय. त्ये झाल्याबिगर व्हय म्हननार नाय."

"काम-बिम काय नाय. पोथी आयकली असंल त्यांनी." बाईजा मटकन जोत्यावर बसली. "धसईची नारी घरात येते म्हनून भ्याले."

कुंडलिकानं चपला पायात घातल्या. म्हणजे बाईजाच्या लेखी तो हो म्हणाला.

त्या रात्री तिनं गोमाला सांगून टाकलं. "आपन बुवांच्या घरी जायाचं. थितं मूळ पोथी हाय. तिच्यावरनं समदे उतरून घेतात. मुळातनंच काढली का मग श्रावन कोरडा."

"आन नाय काढली तर?"

"तर मी हाय ना."

गोमानं कानामागं हात नेला.

गावात सांगताना मात्र दर्शनाला जातो असंच सांगितलं. चिंतोबुवांच्या घरी माणसं जातच. पोर शाळेत घालायची झाली की त्याचं बोट बुवांच्या दौतीत बुडवून आणायचं, अशी रीत होती. शकू काही शाळेत जायची नव्हती, पण कुणी एवढं विचारलं नाही. फाल्गुन लागला होता, शेतं मोकळी होती. भल्या पहाटे गाडी जुंपली. पेंढ्यावर घोंगडी, घोंगडीवर बाईजा, तिच्या मांडीवर तांदूळ-गुळाची दुरडी आणि शकूजवळ भाकऱ्यांचं गाठोडं.

वाटभर बाईजानं तालीम केली. "बुवा, तुमी शिकलेली मानसं," हे मऊ. मग बुवांचा आवाज, जो तिनं कधी ऐकला नव्हता, पण तट्टावर बसणाऱ्या माणसाचा असावा तसा, वरून आणि हलता. मग पेंढा. पेंढ्याशी येता येता तिचा आवाज इतका चढला की बैलांनी कान टवकारले.

"सबुरीनं गो," गोमा म्हणाला. "बैलांना वाटंल त्यांचंच कायतरी चुकलं."

"आय, थितं कुनी ऱ्हातं का पन?" शकूनं विचारलं.

"नातसून ऱ्हाते म्हनं. म्हातारी हाय." बाईजानं पदर सारखा केला. "म्हातारी हाय म्हनून मी पयल्यांदा मऊच बोलनार हाय."

घर उन्हं वर आल्यावर लागलं. कौलारू, शेणानं सारवलेलं, पुढं जांभळीचं झाड, आणि दाराच्या दोन्ही अंगांना दोन ओटे. दारात एक किडकिडीत, विधवेच्या आलवणातली म्हातारी पाटावर बसून वाती वळत होती. ह्या उमाकाकू, बुवांच्या नातसूनबाई. त्यांनी गाडी बघितली, बाईजाचा चेहरा बघितला, आणि वात न सोडता विचारलं :

"पाया पडायला आलात, की भांडायला?"

बाईजा गाडीतून उतरतच होती. मऊ बोलायची पायरी पायाखालून निघूनच गेली.

"नाही, आधी विचारलेलं बरं," उमाकाकू म्हणाल्या. "पाया पडायचं असेल तर उजवा ओटा. तिथं बुवांचं मेज आहे, दौत आहे, पोराचं बोट बुडवा, गूळ ठेवा आणि निघा. भांडायचं असेल तर डावा. डाव्याला सावली आहे. तिथं वेळ लागतो."

उजव्या ओट्यावर एक माणूस आपल्या रडणाऱ्या पोराचं बोट दौतीत घालत होता आणि पोर तेच बोट बापाच्या सदऱ्याला पुसत होतं. डाव्या ओट्यावर आधीच एक जोडपं बसलं होतं. बाई ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेजारी नवरा, झुबकेदार पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यांवर हात ठेवून देवळातल्यासारखा बसलेला.

बाईजा डाव्या ओट्यावर जाऊन बसली.

"हां, तर तुमचं कुठवर आलं होतं?" उमाकाकूंनी त्या ठसठशीत बाईला विचारलं.

"आमचं तेच. ओवी काढा."

"कुठली?"

"ती नाय सांगायची. चारचौघांत कशाला सांगू? येवढी मानसं आली इथं आता." बाईनं बाईजाकडे नजर टाकली.

"कुठली ते न सांगता काढू कशी?"

"तुमाला नाय कळत? तुमच्याच घरात ल्हिलेली हाय ना? ज्याला लाज वाटायला पायजे ती काढायची."

"मग पोथीत काहीच उरायचं नाही, बाई."

बाईजाला हे बोलणं फार आवडलं. ही बाई मधे श्वास न घेता बोलत होती, हात न हलवता बोलत होती, आणि मुद्दा सुटू देत नव्हती. जाणकारानं जाणकाराची तान ऐकावी तशी बाईजा थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिला राहवेना.

"बराबर बोलतात त्या," ती म्हणाली. "बुवा गेले मरून, आन आमी श्रावनात माना खाली घालून बसायचं. आमचीबी काढा."

"तुमची कुठली?"

"मीबी नाय सांगनार."

उमाकाकूंनी वात ठेवली. "दोघींच्या काढायच्या, आणि कुठल्या ते कुणी सांगायचं नाही."

"बुवांनी आमची नावं नाय घेतली ना?" ठसठशीत बाई म्हणाली. "मग आमी का घ्यावी?"

"हां, आसं," बाईजा म्हणाली, आणि उमाकाकूंचा बारीक, सुपारी कातरल्यासारखा आवाज काढून म्हणून दाखवलं, "'पाया पडायला आलात, की भांडायला.' म्हंजे भांडनं लावनारे तुमी, आन दुकानबी तुमीच मांडलंत."

ठसठशीत बाई फस्सकन हसली आणि सरकून बाईजाच्या जवळ बसली. मग दोघींनी मिळून जे काही सुरू केलं त्याला तोड नव्हती. एकीचा श्वास संपला की दुसरी वाक्य उचले. उजव्या ओट्यावरचं पोर रडायचं थांबून बघू लागलं. गोमाची पहिली विडी संपली.

उमाकाकू उठून आत गेल्या आणि ताकाच्या तीन लोट्या घेऊन आल्या. "घसे सुकले असतील. ह्या घरची रीत आहे, डाव्या ओट्याला ताक."

"आमाला नको," ती बाई एकदम म्हणाली. "आमच्यात ताक कुनी पीत नाय. तीन पिढ्यांत नाय. वासबी चालत नाय." तिनं नवऱ्याकडे बघितलं. मिशावाल्यानं लोट्यांवरची नजर काढून जांभळीवर लावली. त्याला बराच जोर लागला असावा.

"मग असू दे तिथंच," म्हणून उमाकाकूंनी लोट्या कडेला ठेवल्या. गोमानं आपली म्हणून एक जवळ ओढली.

इतक्या वेळात शकूला भूक लागली होती. तिनं गाठोडं सोडलं, वरची भाकरी काढली, आणि जांभळीवरनं एक कावळा सरळ खाली आला, तिच्या हातातली भाकरी घेऊन वर गेला, आणि बुवांच्या छपरावर, बरोबर ओट्याच्या वर, जाऊन बसला. एक डोळा तिरका करून खाली बघितलं आणि म्हणाला, काव.

बाईजानं ओठ मिटले. कावळा पुन्हा म्हणाला, काव. ओठ पुन्हा मिटता येईनात. दोन घटका भांडून जीभ तापलेली होती.

"काव?" बाईजा कावळ्याच्या आवाजात म्हणाली, आणि उठून अंगणात आली. "भाकरी माजी, पोर माजी, आन वर बसून मलाच काव? तुज्या आयनं ह्येच शिकवलं का रं? तीस वरसं बघते मी तुमाला. पापड नेले, बोलले नाय. सांडगे नेले, बोलले नाय. पितरांचा घास तुमी खायचा, माज्या आज्याचं पान आलं म्हनून मी हात जोडायचे, आन तुमी भर दिवसा पोरीच्या हातातलं वढायचं? माज्या आज्यानं कधी कुनाच्या हातातलं वढलं नाय. कुनाचा आजा हाईस तू?"

आणि असंच पुढं. पापडांपासून पितरांपर्यंत सगळं निघालं. कावळ्यानं भाकरी सोडली. ती घरंगळत येऊन उमाकाकूंच्या वातींत पडली. तरी तो उडेना. त्यालाही पहिल्यांदाच कुणी इतकं मनापासून बोलत होतं.

बाईजा दमून थांबली तेव्हा उन्हं माथ्यावर आली होती. ठसठशीत बाई ओट्यावरून खाली उतरली होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती.

"बाय," ती हळूच म्हणाली, "तुमी धसईकडच्या का?"

 नाय म्हणावं म्हणून बाईजा वळली, आणि वळताना तिची नजर ओट्यावर गेली. तिथं तीनही लोट्या पालथ्या होत्या. गोमा रिकाम्या हातानं बघत होता, आणि मिशावाला डाव्या हातानं मिशीवरचं पांढरं पुसत होता.

"रामराम," तो बाईजाला म्हणाला.

शहापुरीं एक गृहस्थ । वाचा सौम्य वृत्ति स्वस्थ ।
परि शेजारींचें ताक समस्त । प्राशोनि जाय ॥
विरजण लाविलें कोणीं । घुसळिलें कोण्या रमणीं ।
हा मिशा पुसोनी । म्हणे रामराम ॥

बाईजाला दोन्ही ओव्या तोंडपाठ होत्या. तीस श्रावण ती त्यांना हसत आली होती.

"आन तुमी शहापूरच्या," ती म्हणाली.

"देवकी," ती बाई म्हणाली. "दामूची आय. ह्ये दामूचे बाबा." बुधाजी हे नाव तिनं अर्थातच घेतलं नाही. मग शकूकडे बघून, "आन ही शकू व्हय?"

शकूनं डोक्यावर पदर घेतला आणि उरलेल्या भाकऱ्यांवर ओणवी झाली.

 दोन्ही घरांचं जे जे झाकायचं होतं ते अंगणात उघडं पडलं होतं, आणि आता लग्न मोडायला कुणी तरी नुसतं उठून गाडी जुंपायची बाकी होती.

"आमी थांबा म्हनलो, त्ये ह्यापायी," देवकी म्हणाली. "ह्यांचा आजा व्हता तो. म्हनलं, ओवी काढून घेऊ, मगच तुमच्या दारी येऊ. तुमाला कळलं तर पोर कोन देनार?"

"आन आमी म्हनलं, आमच्या कावळ्यापायी थांबवलं."

तेवढ्यात उमाकाकू आतून आल्या. हातात लाल कापडात बांधलेली मूळ पोथी, कानावर बोरू. पोथी सोडून त्यांनी पाचवा अध्याय काढला, बोरू दौतीत बुडवला आणि दोघींकडे बघितलं.

"आता दोन्ही कळल्या. बोला, कुठली आधी काढू? एक रेघ मारली की झालं."

देवकी बाईजाकडे बघायला लागली, बाईजा देवकीकडे. बोरूच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता.

"तुमची आदी," बाईजा म्हणाली.

"नाय, तुमी लांबनं आलात."

"रेघ मारलेली दिसनार का पन?" बाईजानं विचारलं.

"दिसणारच."

"मग लोक म्हनतील, इथं कायतरी लय वंगाळ व्हतं, म्हनून खोडलं. निस्ता कावळा व्हता, त्येचं काय काय करतील." बाईजानं मान हलवली. "आन कावळ्याचं म्हनाल, तर आता झालंच भांडून. खोटं थोडंच हाय."

"आमच्या दारात कावळे लय आहेत, बाय," देवकी म्हणाली. "कुनी बोलनारं घरात आलं, तर बरंच हाय की."

"ही बोलत नाय वो, ही निस्ती लाजते."

"शिकंल. मी हाय ना."

"आन आमच्यात म्हस दुभती हाय." बाईजानं बुधाजींकडे बघितलं. "ताक उरतं रोज. याही आले तर बरं पडंल."

बुधाजींनी मिशीवरून हात फिरवला. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना ताकाला बोलावलं होतं. "येतो की," ते म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे दुसरं बोलणं.

उमाकाकूंनी बोरू कपड्याला पुसला. "आजवर कुणीच काढू दिली नाही," त्या म्हणाल्या. "शाई मात्र दर वेळी फुकट जाते."

सुपारी तिथंच, डाव्या ओट्यावर, बुवांच्या अडकित्त्यानं फोडली. बाईजानं तांदूळ-गूळ पोथीपुढं ठेवला, आणि वाकली ती वाकलेलीच राहिली. तिला वाचता येत नव्हतं. ती पानाकडे बघत होती.

"ह्यो ताकवाला कुटनं कुटवर?"

उमाकाकूंनी बोटानं दाखवलं. चांगलं चार बोटं रुंद.

"आन आमची?"

बोट दोन बोटंच सरकलं.

बाईजा ताठ उभी राहिली. "ह्यांच्या दोन, आन आमची येकच? कोन म्हनतं? तट्टू आमच्या आजीचा पेंढा खाऊन गेलं, येक ओवी तर त्याचीच व्हाया पायजे व्हती. शहापूरकरांचं येवढं कवतिक, आन धसईचं येका वळीत उरकलं?"

गोमानं दुसऱ्या कानामागची विडी काढली.

"अहो, दुसरी लिहायला घेतली होती बुवांनी," उमाकाकू पोथी बांधता बांधता म्हणाल्या. "आमच्या सासूबाई सांगायच्या. पहिला चरण झाला, आणि तेवढ्यात तुमची आजी ह्याच अंगणात येऊन उभी राहिली. पुढं बुवांना सुचलं नाही. हा डावा ओटा त्यानंतर बांधला."

बाईजा काही बोलली नाही. अख्खी परतीची वाट ती काही बोलली नाही. गोमानं दोनदा मागं वळून बघितलं, आजारी-बिजारी पडली की काय म्हणून. ती घोंगडीवर ताठ बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, पालखीत बसवलेल्या माणसाच्या असतो तसा, एक लांबवर बघणारा भाव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी रोजच्यासारखा कौलांवर भाकरीचा तुकडा फेकला आणि कुंपणाआड जाऊन बसली. कावळा आला. बाईजा दारात आली, वर बघितलं. ओठ मिटून आत जायच्या ऐवजी तिनं पदर कमरेला खोचला.

"काव?" ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात.